देवघरामागे बॅकलिट कोरियन, मागे जागा फक्त ३ इंच – सल्ला हवा

कोथरूड_दुसरा_मजला
देवघराच्या मागच्या भिंतीवर ४ फूट रुंद, ७ फूट उंच बॅकलिट पॅनल करायचं आहे, म्हणजे कोरियनची (दगडासारखी दिसणारी ॲक्रिलिक शीट) आणि तिच्या मागे दिवे. भिंतीपासून ३ इंचांपेक्षा पुढे येता येणार नाही, पॅसेज अरुंद आहे. सुतार म्हणतो, प्लायला भोकं पाडू, त्यावर शीट चिकटवू आणि मागून एलईडी पट्टी सोडू. शीट ६ मिमी घ्यावी की १२? पट्टी किती लागेल? जॉइंट दिसेल का?

राउटरवाला
सुताराला आधी थांबवा. प्लायवर चिकटवलेली शीट पेटवली की भोकंच दिसतील, मधला प्लाय काळा. शीटच्या मागे जे जे टेकतं त्याची सावली पुढे येते: स्क्रू, बत्ता (आधाराची लाकडी पट्टी), सिलिकॉनचा गोळा, लोंबणारी वायरसुद्धा. आधार द्यायचा तो फक्त कडांना.

आता जॉइंट. बहुतेक ब्रँडची शीट ७६० मिमी रुंद येते, म्हणजे अडीच फूट. चार फुटांत जॉइंट आलाच. दिवा बंद असताना तो बोटालाही लागणार नाही इतका साफ करता येतो, पण दिवा लागला की रेघ उमटते, कारण ॲडेसिव्हमधून प्रकाश शीटसारखा जात नाही. शिवाय किचन ओट्याच्या सवयीने कारागीर जॉइंटच्या मागे त्याच शीटची पट्टी मारतात. इथे ती मारली तर समोर काळा पट्टाच दिसणार.

म्हणून पेटणारा भाग ७४० मिमी ठेवा, एकाच शीटमधून. दोन्ही बाजूंना साधं विनियर (लाकडाचा पातळ थर). चार फूट पेटवायचाच हट्ट असेल तर जॉइंट लपवत बसू नका, त्या जागी पितळी पट्टी टाका आणि तीच डिझाइन म्हणून मिरवा.

चाळीस_वॅट
७४० धरून हिशेब देतो. नियम सोपा आहे: दोन पट्ट्यांमधलं अंतर हे पट्टीपासून शीटपर्यंतच्या मोकळ्या जागेपेक्षा जास्त नको, नाहीतर उजेडाच्या रांगा दिसतात. ३ इंच म्हणजे ७५ मिमी, त्यातून मागचा बोर्ड, पट्टीखालची ॲल्युमिनियम पट्टी आणि शीट वजा केली की हातात ६० उरतात. म्हणजे १२ उभ्या ओळी, प्रत्येकी २.०५ मीटर, एकूण २५ मीटर. २४ व्होल्टची, मीटरला ६० एलईडी आणि ४.८ वॅटवाली पट्टी घ्या: १२० वॅट. एसएमपीएस (घरच्या विजेचे २४ व्होल्ट करून पट्टीला देणारा डबा) ८० टक्क्यांवर चालवायचा, म्हणून १५० वॅटचा.

दुकानदार मीटरला १४.४ वॅटवाली गळ्यात मारेल. तिचे ३६० वॅट होतात. देवघर आहे, ऑपरेशन थिएटर नाही.

बाराही ओळींना पॅरलल सप्लाय द्या. पट्टीला पट्टी जोडत नेली तर शेवटच्या ओळी मंद पडतात. एसएमपीएस बॉक्सच्या बाहेर, खालच्या कप्प्यात, हात पोचेल असा. डिमर लावाच. तापकीर गल्लीतून (पुण्यातला इलेक्ट्रिक सामानाचा बाजार) घेत असाल तर सगळी रिळं एकाच लॉटची मागा आणि काउंटरवर एकत्र पेटवून बघा, दोन लॉटमधले ‘वॉर्म व्हाइट’ शेजारी ठेवले की वेगळे दिसतात.

राउटरवाला
६ की १२: तुमच्या मापाची ६ मिमी शीट १६ किलोच्या आसपास भरते, १२ मिमी त्याच्या दुप्पट. साधं सपाट पॅनल असेल तर ६, उजेड जास्त येतो. ॐ किंवा कमळ मागून कोरून उजळ दाखवायचं असेल तर १२ घ्या आणि कोरलेल्या जागी निदान ४ मिमी जाडी राखा. आतले कोपरे गोल हवेत, टोकदार कोपऱ्यातून तडा जातो.

‘कोरियन’ हे एका कंपनीचं ब्रँडनेम, बाजारात सगळ्यालाच कोरियन म्हणतात. दुकानात दोन गोष्टी विचारा: पूर्ण ॲक्रिलिक आहे का, आणि ट्रान्सल्युसंट (उजेड आरपार सोडणाऱ्या) मालिकेतली आहे का. नुसती ‘पांढरी’ चालत नाही. सॅम्पलचा तुकडा घरी आणून अंधारात मोबाइलचा टॉर्च ६० मिमीवर धरून बघा, पाच मिनिटांत कळेल.

मिस्त्री_नाही_इंजिनियर
दोन गोष्टी राहिल्या. एक, ॲक्रिलिक शीट उष्णतेने वाढते. हिवाळ्याची पहाट आणि मे महिन्यात दिवा चालू असतानाचं तापमान यांत ३० अंशांचा फरक धरला तर ७ फुटांत २ मिमीच्या वर जाते. शीटला आरपार स्क्रू मारायचा नाही, वर ३ मिमी मोकळं ठेवायचं आणि कडा १२ मिमीच्या ॲल्युमिनियम अँगलने झाकायच्या. फट झाकली जाते, उजेडही गळत नाही. वरचा अँगल काढता येणारा ठेवा. एक ओळ गेली तर शीट फोडायची वेळ नको.

दुसरं, बॉक्स आतून मॅट पांढरा. चकचकीत सनमायका लावला तर त्यात पट्ट्यांचं प्रतिबिंब पडतं. हवेसाठी वर-खाली फटी लागतात, पण त्यांना बारीक जाळी मारा. पावसाळ्यात दिव्यावर येणारे किडे आत शिरून तळाशी मरतात आणि पॅनलच्या खालच्या कडेला काळे ठिपके दिसायला लागतात.

कोथरूड_दुसरा_मजला
७४० पक्कं, ६ मिमी. समई पॅनलपासून किती लांब ठेवू? आणि हळदीचे डाग?

मिस्त्री_नाही_इंजिनियर
ज्योत निदान एक फूट. जवळ असली की शीट करपते, आणि करपायच्या आधी काजळी धरते. ती बंद पॅनलवर दिसत नाही, पेटल्यावर ढगासारखी दिसते. हळद-कुंकू लगेच ओल्या फडक्याने पुसा. राहिलंच तर साबणाचं पाणी आणि हिरवी घासणी, हलक्या हाताने, गोल फिरवत. फिनिश मॅटच करून घ्या. पॉलिश केलेल्यावर घासणीचा प्रत्येक ओरखडा दिसेल.