गॅम्बल प्लँटेशनच्या पांढऱ्या खांबांसमोर प्रीवेडिंग फोटो काढावेत का?

काहील:
फ्लोरिडात एलेंटनच्या आउटलेट मॉलला खरेदीला जाणाऱ्या टॅम्पाकरांनी जवळचं गॅम्बल प्लँटेशन, म्हणजे गुलामांच्या श्रमावर चाललेला जुना उसाचा मळा, जरूर बघावं. फ्लोरिडाचं राज्य उद्यान आहे. आवारात फिरायला तिकीट नाही, घराच्या आत मात्र गाईडबरोबर पैसे भरून जायचं. पण हल्ली तिथल्या खांबांसमोर आपल्या मुलामुलींचे प्रीवेडिंग फोटो दिसायला लागलेत, ते मला अजिबात पटत नाही.

1840 च्या दशकात मेजर रॉबर्ट गॅम्बल या मळेवाल्याने मॅनाटी नदीकाठी हे दुमजली घर बांधून घेतलं. 18 खांब, जवळजवळ दोन फूट जाडीच्या भिंती, पावसाच्या पाण्यासाठी 40 हजार गॅलनची टाकी. राबले ते गुलाम. कायद्याने ते मालमत्ता होते, जमीन आणि जनावरांसारखे.

मी कोल्हापूरकडची, गुऱ्हाळ बघत वाढले. ऊस तोडला की वाट बघत नाही, रस लगेच काढावा लागतो, नाहीतर साखर उतरत नाही. त्यामुळे तेव्हाच्या साखरेच्या मळ्यांवर हंगामात रात्रंदिवस काम चाले. ओळीने कढया मांडलेल्या, खाली जाळ, उकळता रस लांब दांड्याच्या पळीने एका कढईतून दुसऱ्या कढईत उलटायचा. आमच्याकडचा गुळव्या दमला तर चुलवाणापासून उठून चहा प्यायला जातो. मळ्यावरच्या माणसाला उठायची सोय नव्हती, आणि त्याचं मूल जन्मतःच मालकाचं. त्या पैशावर उभ्या राहिलेल्या ओसरीत 'आमच्या प्रेमाची सुरुवात' असा फलक धरून हसायचं? 2019 मध्ये पिंटरेस्ट या फोटोंच्या संकेतस्थळानेही प्लँटेशनवरच्या लग्नांची जाहिरात थांबवायचं ठरवलं. आपल्यालाच एवढं जड का जावं?

चुनेगच्ची:
ताई, मी स्थापत्य अभियंता आहे, त्यामुळे माझं मत उलट आहे. ही वास्तू टॅबीची आहे. शिंपले भाजून चुना करायचा, त्यात वाळू, पाणी आणि शिंपल्यांचे तुकडे घालून साच्यात भरायचं. आपल्या वाड्यांसाठी घाण्यात चुना मळत, तशीच मेहनत. दीडशेहून जास्त वर्षं फ्लोरिडाची दमट हवा आणि वादळं सोसून ते काम टिकलंय. त्या कारागिरीचं कौतुक करणं म्हणजे करणाऱ्यांचा मानच आहे. आणि वेठबिगारीवर उभे राहिलेले वाडे आपल्याकडे काय कमी आहेत? तिथे फोटो काढताना कुणाला काही वाटत नाही. नव्या जोडप्यांवरच बोट का रोखायचं?

काहील:
कारागिरीचं कौतुक करा, मीही करते. पण 2023 मध्ये फ्लोरिडाच्या शालेय अभ्यासक्रमात असं आलं की गुलामांनी अशी कौशल्यं मिळवली जी काही वेळा त्यांना स्वतःच्या फायद्यासाठी वापरता आली. देशभर त्यावरून वाद झाला. कारागिरीचं बोलताना तिची मजुरी कुणाला मिळाली हे वगळलं, की आपणही त्याच वाटेने जातो. वेठबिगारीचं म्हणाल, तर तीही वाईटच. एका अन्यायामुळे दुसरा सुसह्य होत नाही.

साक्षीपुरावा:
मी तर म्हणतो फोटो दूरच, तिकीटही काढू नका. हे घर वाचवलं कुणी? 1925 मध्ये युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी या संघटनेने ते विकत घेऊन राज्याला दिलं. का? तर मे 1865 मध्ये कॉन्फेडरसीचं, म्हणजे गुलामगिरी टिकवायला अमेरिकेतून फुटलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचं, बंड मोडल्यावर तिकडच्या सरकारचा परराष्ट्रमंत्री जुडाह बेंजामिन पळताना इथे लपला होता. आजही त्याच्या नावाचं स्मारक म्हणूनच ही जागा नोंदलेली आहे. पुढे तो इंग्लंडला पोचला, नामांकित बॅरिस्टर झाला. मालविक्रीच्या कायद्यावरचा त्याचा ग्रंथ आम्हा वकिलांना ठाऊक असतो. विद्वत्ता वादातीत, पण लुइझियानात त्याचाही उसाचा मळा होता, गुलामांसह. काही दिवस लपलेल्या मंत्र्याचं स्मारक, आणि आयुष्यभर तिथे राबलेल्यांचं नाव पाटीवर नाही. मी एक डॉलरही देणार नाही.

लिंबोणी:
मग मे 2025 मध्ये लुइझियानातलं नॉटोवे जळलं तेव्हा तुम्हाला आनंदच झाला असेल! जुन्या मळेवाल्यांच्या हवेल्यांतली ती सर्वांत मोठी मानली जायची, आणि तिथे लग्नाचे हॉल चालायचे. समाजमाध्यमांवर लोक नाचत होते. त्यांचा राग मला कळतो, पण घर गेलं की पुरावाही जातो. गॅम्बलच्या आवारात गुलामांचं एकही घर उभं दिसत नाही. हेही घर गेलं तर उद्या कुणी म्हणेल, असं काही नव्हतंच. लुइझियानातच व्हिटनी प्लँटेशन बघा, 2014 पासून तिथलं संग्रहालय गुलामांच्याच बाजूने सगळं सांगतं. घर तेच ठेवून गोष्ट बदलता येते.

पोर्टलुईकर:
मी मॉरिशसचा मराठी, म्हणून राहवलं नाही. 1835 मध्ये आमच्या बेटावर गुलामगिरी उठली. त्याआधीच, 1834 पासून, उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारावर मजूर आणायला सुरुवात झाली होती. मुंबई इलाख्यातून आलेल्यांत आमचे पूर्वज होते. ते उतरले तो आप्रवासी घाट 2006 मध्ये जागतिक वारसा ठरला. 2008 मध्ये ले मोर्नचा डोंगर ठरला, जिथे पळालेले गुलाम लपत. मळेवाल्यांच्या कोठ्या आमच्याकडेही आहेत, पण जगाने आधी मजुरांची आणि गुलामांची जागा पाहिली. करार आणि गुलामी एक नव्हेत. करारी मजूर कागदावर तरी मुदत संपली की सुटत असे, गुलामाला मुदतच नव्हती. पण ऊस तोच आणि मळेही तेच, त्यामुळे मराठी माणसाने हा अमेरिकेचा घरगुती प्रश्न समजू नये. साक्षीपुरावाजी, न जाण्याने तुमचे हात स्वच्छ राहतील, पाटी मात्र तशीच राहील.

चुनेगच्ची:
मॉरिशसचं वाचून बरं वाटलं. तरी फोटोबंदी मला मान्य नाही. माझ्या भाचीने तिथेच फोटो काढलेत आणि ती गुलामगिरीची समर्थक नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, यात दोष तिचा किती?

काहील:
तिचा दोष फार थोडा. आपल्यापैकी जे जाणतात त्यांचा जास्त, आपण आधी बोलायला हवं होतं. बंदी मी मागितली नाही, विचारतेय की काढावेत का.

साक्षीपुरावाजी, हे राज्य उद्यान आहे. दुकानात कर भरतो तेव्हा तुमचा डॉलर तिथे पोचतोच. म्हणून उद्यान विभागाला पत्र लिहूया: स्मारकाच्या नावात बदल करा, आणि जुन्या कागदपत्रांत सापडतील तेवढी राबणाऱ्यांची नावं प्रवेशाच्या पाटीवर लावा. कायद्याची भाषा तुम्ही बघा, टॅबीबद्दलचा परिच्छेद चुनेगच्चींनी लिहावा. साखर कारखान्याचे अवशेष मुख्य घरापासून थोडे दूर आहेत आणि बरेच जण ते न बघताच परततात, तेव्हा तिकडे नेणारी ठळक खूणही मागूया. मसुदा रविवारी इथेच टाकते.