'सर्व्हायव्हर'ला मराठीत काय म्हणावं?

पारिजात: आउश्वित्झ या नाझी मृत्युछावणीतून जिवंत परतलेल्या एका बाईंची साक्ष मराठीत आणते आहे. मी 'वाचलेल्या' लिहिलं, संपादकांनी 'बचावलेल्या' केलं. अपघातातून माणूस बचावतो, तिथे संकट क्षणाचं असतं. इथे ते रोजचं होतं. दुसरा शब्द सुचतो का?

जुना पिंपळ: 'तगलेल्या' लिहा. बहात्तरच्या दुष्काळाबद्दल आमची आजी 'आम्ही तगलो' म्हणायची, 'वाचलो' कधीच नाही.

रानवाट: तगण्यात तगणाऱ्याच्या चिवटपणाला श्रेय जातं. आउश्वित्झमधून परतलेले इटालियन ज्यू लेखक प्रीमो लेवी आयुष्यभर उलट सांगत राहिले: आपण उरलो ते नशिबाने, आणि चांगली माणसं तिथेच गेली. 'तगलेल्या' म्हटलं की मेलेले कमी पडले असा अर्थ निघतो. तो मला सहन होत नाही.

जुना पिंपळ: पीक तगतं तेव्हा त्याचा कुठे पराक्रम असतो? एखादी सर चुकून पडते म्हणून तगतं. बोलीतला शब्द म्हणून नाकारू नका.

बोरू: मुळात नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराला 'होलोकॉस्ट' तरी कशाला म्हणायचं? त्यातला 'होलो' म्हणजे आपला 'सर्व', दोन्हींचं मूळ एकच. 'सर्वहोम' हा नेमका मराठी शब्द होईल.

रानवाट: मूळ एक आहे, पण ग्रीक अर्थ देवाला पूर्ण जाळून वाहिलेला बळी. म्हणूनच कित्येक ज्यूंना तो शब्द नको असतो. ते हिब्रूत 'शोआ' म्हणतात, म्हणजे अरिष्ट. होम कोणी केला, कोणत्या देवासाठी? साठ लाख माणसं मारली, त्याला होम म्हणू नका, कळकळीची विनंती.

केवडा: दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती ना? तिथे त्यांना काय म्हणत?

पारिजात: ते लोक वेगळे. सोव्हिएतांनी सायबेरियाकडे हद्दपार केलेले, बहुतेक ख्रिस्ती.

रानवाट: युद्धानंतर जर्मनीतल्या निर्वासित छावण्यांत नाझींच्या तावडीतून सुटलेले ज्यू स्वतःला 'शेरित हप्लेता' म्हणत, म्हणजे निसटून उरलेले शेष. मला 'उरलेल्या' पटतो. १९४६च्या जुलैत पोलंडमध्ये किएल्त्से इथे घरी परतलेल्या ज्यूंवर जमाव तुटून पडला, चाळीसहून अधिक मेले. 'वाचलेल्या' म्हटलं की सगळं १९४५ला संपल्यासारखं वाटतं.

बोरू: 'उरलेल्या' म्हणजे शिळं अन्न. आणि वृत्तपत्रांनी 'जेनोसाइड'ला 'नरसंहार' म्हणणं थांबवावं, 'वंशसंहार' लिहावं. पोलिश ज्यू कायदेपंडित राफाएल लेम्किनने १९४४मध्ये जेनोसाइड शब्द घडवला तो गट नष्ट करण्याच्या हेतूसाठी. कत्तल कुठेही होते.

केवडा: पण 'वंश' म्हटलं की ज्यू हा वंश आहे हे नाझींचंच म्हणणं आपण मान्य करतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८च्या जेनोसाइडविरोधी करारात राष्ट्रीय आणि धार्मिक गटही आहेत.

बोरू: मग 'समूहसंहार'?

जुना पिंपळ: हा शब्द उद्या कोण बोलणार आहे? पारिजात, तुमच्या बाई स्वतःबद्दल कोणतं क्रियापद वापरतात, ते आधी सांगा.