शब्दचर्चा : ‘पथ्य’, आणि ‘गोळीशिवाय पथ्य’ म्हणजे नेमके काय?

माझ्या मावशीच्या रक्ततपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेले निघाले, तेव्हा तिच्या डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली आणि रुग्णाला नीट कळावे म्हणून कागदाच्या तळाशी मुद्दाम मराठीत एक ओळ लिहिली : ‘गोळीशिवाय पथ्य आवश्यक.’ त्यांना म्हणायचे होते की गोळी तर घ्यायचीच आहे, तिच्याखेरीज पथ्यही पाळायचे आहे. मावशीने अर्थ लावला की गोळी न घेता पथ्यावरच भागवायचे आहे. तिने चार महिने मनापासून पथ्य पाळले आणि गोळ्यांची पट्टी देवघराशेजारच्या फडताळात न फोडलेली राहिली. मावशीला आधीपासून मधुमेह आहे, त्यामुळे तिच्या बाबतीत ती गोळी ऐच्छिक नव्हती. पुढच्या तपासणीच्या वेळी हे उघड झाले, तेव्हा तो कागद पुन्हा काढून आम्ही सर्वांनी वाचला आणि लक्षात आले की दोन्ही अर्थ मराठीत शुद्ध आहेत.

‘शिवाय’ या शब्दयोगी अव्ययाला दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांच्या जवळजवळ विरुद्ध आहेत. ‘तुझ्याशिवाय करमत नाही’ यात ‘शिवाय’ म्हणजे विना. ‘पगाराशिवाय भत्ताही मिळतो’ यात ‘शिवाय’ म्हणजे खेरीज, आणखी. एरवी आपला घोटाळा होत नाही, कारण वाक्यातले क्रियापद नकारार्थी आहे की नाही आणि दुसऱ्या नामाला ‘ही’ जोडलेला आहे की नाही, यावरून ऐकणाऱ्याला आपोआप उमगते. चिठ्ठीच्या तुटक भाषेत मात्र क्रियापद गळते, ‘ही’ गळतो आणि खूण नाहीशी होते. ‘गोळीबरोबर पथ्यही’, ‘गोळीऐवजी पथ्य’ आणि ‘गोळीआधी तीन महिने पथ्य’ हे वैद्यकीयदृष्ट्या तीन वेगळे निर्णय आहेत, आणि मराठीत त्यांच्यातला फरक केवळ एका अव्ययावर उभा आहे. म्हणून औषधाच्या संदर्भात ‘शिवाय’ हा शब्द लिहूच नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

योगायोग असा की पथ्य आणि औषध यांच्या नात्याविषयीचे आपल्याकडचे सर्वांत प्रसिद्ध वचनही अशाच दुहेरी वाचनावर उभे आहे. वैद्यकवी लोलिंबराजाच्या ‘वैद्यजीवन’ या आयुर्वेदावरच्या ग्रंथातला तो श्लोक असा : ‘पथ्ये सति गदार्तस्य किमौषधनिषेवणैः । पथ्येऽसति गदार्तस्य किमौषधनिषेवणैः ॥’ पथ्य असेल तर रोग्याला औषधाचे काय काम, आणि पथ्य नसेल तर रोग्याला औषधाचा काय उपयोग, असा त्याचा अर्थ. लिहिताना अवग्रहामुळे (‘ऽ’ या खुणेमुळे) दोन ओळी वेगळ्या दिसतात, पण म्हणताना त्या तंतोतंत सारख्या ऐकू येतात, आणि त्यातच श्लोकाचे सगळे सौंदर्य आहे. घरोघरी सांगितला जातो तो मात्र पहिला अर्थ, कारण तो ऐकायला गोड आहे. कोलेस्टेरॉलच्या बाबतीत दोन्ही अर्थ खरे ठरतात, पण वेगवेगळ्या माणसांसाठी. त्याकडे पुढे येतो.

आता ‘पथ्य’ या शब्दाकडे. ‘पथिन्’ म्हणजे मार्ग. त्यापासून जे ढळत नाही ते पथ्य. पाणिनीने ‘धर्मपथ्यर्थन्यायादनपेते’ या सूत्रात धर्म्य, अर्थ्य, न्याय्य या शब्दांच्या पंक्तीतच ‘पथ्य’ बसवला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पंचविसाव्या अध्यायात ‘पथ्यं पथोऽनपेतं यद्यच्चोक्तं मनसः प्रियम्’ अशी व्याख्या येते, म्हणजे शरीराच्या मार्गांना जे बाधत नाही आणि मनालाही जे प्रिय असते ते पथ्य. हा दुसरा भाग आपण पार विसरलो आहोत. हिरड्याला संस्कृतात ‘पथ्या’ म्हणतात तेही तो हितकर म्हणून. मूळ शब्दात मनाई कुठेच नाही.

मराठीतला आजचा वापर मात्र बहुतेक मनाईचा आहे. ‘पथ्य काय सांगितले?’ असे विचारले की उत्तर येते, ‘तूप बंद, अंडे बंद, खोबरे बंद.’ काय खायचे हे कोणी सांगत नाही आणि विचारतही नाही. असे असले तरी मूळचा हितकर हा अर्थ एका वाक्प्रचारात शाबूत राहिला आहे, तो म्हणजे ‘पथ्यावर पडणे’. ‘पाऊस लांबला ते आमच्या पथ्यावर पडले’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्याला ते मानवले, फायद्याचे ठरले, असेच सांगायचे असते. रोजच्या बोलण्यात शब्द संकोचला तरी वाक्प्रचारात त्याचा जुना विस्तार कसा टिकून राहतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

जो विकार आवरायचा, त्याच्या नावाचा वापरही तपासण्यासारखा आहे. ‘मला कोलेस्टेरॉल आहे’ हे वाक्य ‘मला बीपी आहे’, ‘मला शुगर आहे’ यांच्या धर्तीवर रूढ झाले आहे. रूढीला दोष देण्यात अर्थ नाही, पण कोलेस्टेरॉल सर्वांनाच असते आणि असावेच लागते. पेशींची आवरणे, कित्येक संप्रेरके आणि पित्तरस यांसाठी ते लागते, आणि त्याचा मोठा वाटा आपले यकृतच तयार करते. त्याला ‘रक्तातली चरबी’ म्हणण्याने अधिक नुकसान होते असे मला वाटते. ‘चरबी’ हा फारसीतून आलेला शब्द मराठीत अंगावर दिसणाऱ्या मेदाशी आणि ‘चरबी चढणे’सारख्या प्रयोगांमुळे माजाशी जोडला गेला आहे. परिणामी सडपातळ माणूस म्हणतो, ‘माझ्या अंगावर चरबी नाही, मला कसले कोलेस्टेरॉल?’, आणि स्थूल माणसाला आपल्यावर ठपका ठेवल्यासारखे वाटते. वस्तुतः एलडीएल (रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचणारे, ‘वाईट’ म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल) वाढण्याची एक आनुवंशिक तऱ्हा आहे, आणि ती बारीक, काटक, तरुण माणसातही असू शकते.

‘कोलेस्टेरॉल’ या शब्दाची घडण ग्रीक आहे : ‘खोले’ म्हणजे पित्त आणि ‘स्टेरेओस’ म्हणजे घन. पित्ताशयातल्या खड्यांमध्ये हा पदार्थ प्रथम सापडला आणि 19व्या शतकाच्या आरंभी शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्याला पित्तावरून नाव दिले. मराठी वाचकाने येथे एक काळजी घ्यावी. आपण ‘पित्त झाले’ म्हणतो तेव्हा आम्लता म्हणतो आणि ‘अंगावर पित्त उठले’ म्हणतो तेव्हा गांधी. येथे अभिप्रेत आहे तो यकृतात तयार होणारा पित्तरस. हा तपशील व्युत्पत्तीपुरता नाही. आहाराने कोलेस्टेरॉल उतरवण्याची एक महत्त्वाची वाट याच पित्तरसातून जाते, आणि ती समजून घेताना आपल्या घरातल्या आणखी एका शब्दाशी गाठ पडते.

तो शब्द ‘चोथा’. नारळाचे दूध पिळून घेतल्यावर पंच्यात उरते तो चोथा, उसाचा रस गेल्यावर उरते ते चिपाड. आहाराविषयी लिहिताना ‘फायबर’ला तंतुमय पदार्थ किंवा चोथा असे दोन्ही प्रतिशब्द वापरले जातात आणि बद्धकोष्ठाविषयी बोलताना चोथा हा शब्द अगदी चपखल आहे, कारण न विरघळता पुढे सरकणारा भाग त्यातून डोळ्यांपुढे येतो. पण कोलेस्टेरॉलवर काम करतो तो मुख्यतः विद्राव्य तंतू, म्हणजे जो पाण्यात विरघळतो किंवा फुगतो तो, आणि त्याला चोथा म्हणणे चुकीचे आहे. भेंडी चिरताना सुरीला येणारी तार, भिजलेल्या मेथीदाण्यांभोवतीचा बुळबुळीतपणा, ओट्सच्या लापशीला येणारा चिकटपणा, पेलाभर पाण्यात दोन चमचे इसबगोल ढवळून पाच मिनिटे ठेवला की होणारा लगदा, हा तो पदार्थ. (इसबगोल हा शब्दही फारसी, बीच्या आकारावरून ‘घोड्याचा कान’ असा त्याचा अर्थ.) हा बुळबुळीत तंतू आतड्यात पित्ताम्लांना, म्हणजे यकृताने कोलेस्टेरॉलपासून बनवलेल्या पित्तरसातल्या आम्लांना, धरून ठेवतो. एरवी ही पित्ताम्ले सुमारे 95 टक्के पुन्हा शोषली जाऊन यकृताकडे परततात. ती शौचावाटे गेली की नवी तयार करण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घ्यावे लागते. रोज 5 ते 10 ग्रॅम विद्राव्य तंतू पोटात गेला तर एलडीएल साधारण 5 टक्क्यांनी उतरते. ओट्सच हवेत असे नाही. राजमा, वाल, सातू, वांगे, भेंडी, पेरू यांतही तो असतो. प्रतिशब्द म्हणून मी ‘विद्राव्य तंतू’ सुचवीन, आणि बोलताना ‘बुळबुळीत तंतू’. हा शब्द दिसायला साधा आहे, पण तो ऐकून माणूस बाजारातून बरोबर वस्तू आणतो.

‘तळलेले’ या शब्दाचेही असेच आहे. ‘तळलेले खाता का?’ या प्रश्नाला मावशी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणाली, आणि खरोखरच तिने भजी आणि वडे सोडले होते. पण दुपारच्या चहाबरोबर दोन खाऱ्या आणि नानकटाई चालू होती, कारण त्या भाजलेल्या असतात. मराठीत त्यासाठी ‘मोहन’ हा अचूक शब्द आहे. पिठात घातलेले तूप, तेल किंवा वनस्पती तूप म्हणजे मोहन, आणि ते पुरेसे पडले की नाही हे पीठ मुठीत दाबून मुटका वळतो का, यावरून ओळखतात. ‘खुसखुशीत’ हे विशेषण ज्या पदार्थाला लागते, त्यात मोहन सढळ पडलेले असते असे समजायला हरकत नाही. म्हणून प्रश्न ‘तळलेले खाता का?’ असा न विचारता ‘मोहनाचे काय काय खाता?’ असा विचारावा. वनस्पती तुपातले ट्रान्स मेद विशेष घातक, आणि जानेवारी 2022 पासून भारतात खाद्यतेल व वनस्पती यांत त्याची मर्यादा 2 टक्क्यांवर आणली आहे. परंतु संपृक्त (सॅच्युरेटेड) मेद त्यानंतरही शिल्लक राहतोच. तेलाच्या पिशवीवरच्या ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ या शब्दाला मी फारशी किंमत देत नाही, कारण कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांतच लक्षणीय प्रमाणात असते आणि वनस्पतीजन्य तेलात ते नसणे हे विशेष नव्हेच. खोबरेल तेलातही कोलेस्टेरॉल नसते, तरी त्यातला 80 टक्क्यांहून अधिक भाग संपृक्त असतो आणि तो एलडीएल वाढवतो.

‘जीवनशैलीतील बदल’ हा शब्दप्रयोग भाषांतरित आहे आणि बोलताना जिभेवर बसत नाही. ‘आहारविहार’ हा आपला जुना जोडशब्द अधिक नेमका होता, पण ‘विहार’ आता नौकाविहारापुरता उरला आहे. ‘शतपावली’ हा शब्द सुंदर आहे, परंतु हिशेब पाहिला तर शंभर पावले म्हणजे मिनिटभराचे चालणे. आठवड्याला निदान 150 मिनिटांचा व्यायाम साधायचा तर पाच दिवस रोज सुमारे तीस शतपावल्या, आणि त्याही झपाझप, घालाव्या लागतील.

आता ‘ऐवजी’. हा शब्द अरबी ‘इवज’पासून आला आहे, मोबदला, बदली असा त्याचा अर्थ, आणि ‘ऐवज’ म्हणजे मौल्यवान वस्तू हेही त्याच घरातले. ऐवजी ठेवलेली वस्तू मूळ वस्तूच्या तोलाची असली पाहिजे, ही अपेक्षा शब्दातच आहे. पथ्य नीट पाळले तर एलडीएलमध्ये 10 ते 15 टक्क्यांची घट पुष्कळांना साधते. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन या गोळीच्या मध्यम मात्रेने ती 30 ते 49 टक्के होते. एखाद्याचे एलडीएल 145 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल, मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान यांपैकी काही नसेल, तर 15 टक्क्यांनी ते 123 च्या आसपास येईल आणि तेथे ‘गोळीऐवजी पथ्य’ हे वाक्य डॉक्टरांच्या संमतीने सरळ अर्थाने खरे ठरू शकेल. साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासून निर्णय घेता येतो. एलडीएल 210 असेल तर तेवढ्याच पथ्याने ते 178 वर अडकेल. 190 किंवा त्याहून अधिक असणाऱ्यांना, ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे त्यांना आणि माझ्या मावशीसारख्या मधुमेही रुग्णांना ‘ऐवजी’ सहसा लागू पडत नाही, ‘बरोबर’ लागू पडते. लोलिंबराजाची दुसरी ओळ त्यांच्यासाठी आहे : गोळी घेतली आणि खारी चालूच राहिली, तर गोळीचाही पुरता उपयोग होत नाही.

एक प्रश्न मला अजून सुटलेला नाही आणि जाणकारांची मदत त्यासाठीच हवी आहे. मराठीत पथ्य ‘पाळतात’, ‘मोडतात’ आणि ते ‘सुटते’ही. काविळीचे पथ्य सुटते, बाळंतिणीचे सुटते, म्हणजे या शब्दाला मुदत गृहीत धरलेली आहे. कोलेस्टेरॉलचे पथ्य सुटत नाही. मावशीने चार महिन्यांनी मला विचारले, ‘आता पथ्य सुटले का रे?’, तेव्हा तिचा प्रश्न भाषेच्या दृष्टीने बरोबर होता आणि माझ्याकडे नेमका शब्द नव्हता. ‘व्रत’ला उद्यापन असते, ‘नेम’ देवाधर्माकडे झुकतो. मला सुचतो तो ‘वळण’ : खाण्यापिण्याला वळण लावणे. मुळातल्या ‘पथ’ शब्दाशी त्याचे नाते जुळते आणि लागलेले वळण सुटते असे आपण सहसा म्हणत नाही, मोडते किंवा टिकते असे म्हणतो. विदर्भात, खानदेशात, कोकणात किंवा गोव्याकडे, न सुटणाऱ्या पथ्यासाठी घरात बोलला जाणारा दुसरा एखादा शब्द कोणी ऐकला असेल, तर तो वाक्यासह सांगावा.