फुग्यात हायड्रोजन की हेलियम?
हायड्रोजन हेलियमच्या निम्म्या वजनाचा असल्यामुळे तो दुप्पट भार उचलतो, असा मुद्दा मांडला जातो; पण तो बरोबर नाही. फुग्याची उचल आतला वायू आणि त्याने बाजूला सारलेली हवा यांच्या वजनांतील फरकावर ठरते. एक लिटर हवा साधारण १.२ ग्रॅम भरते, तेवढाच हेलियम ०.१७ आणि हायड्रोजन ०.०८ ग्रॅम, म्हणजे हायड्रोजनचा लाभ जेमतेम आठ-नऊ टक्के. तेवढ्यासाठी, हवेत ४ टक्के मिसळला तरी ठिणगीने पेटू शकणारा वायू लहान मुलाच्या हाती देणे मला मुळीच मान्य नाही.

रंकाळ्यावर फुगेवाल्याजवळ गंजलेली टाकी दिसली, की मी थांबून चौकशी करतो. कारण कॉस्टिक सोडा, पाणी आणि ॲल्युमिनियमची पूड घालून त्याच टाकीत हायड्रोजन तयार केला जात असेल, तर ती हाताला चटका बसेल इतकी तापते, आतला दाब वाढत जातो, आणि तो दाखवणारा काटा अशा टाकीला बहुधा नसतोच. बारशाला फुगे तरंगायलाच हवे असतील, तर हेलियम घ्यावा. मात्र साध्या रबरी फुग्यातून तो काही तासांत निसटत असल्याने फुगे त्याच दिवशी भरावेत. नुसती कमान बांधायची असेल, तर पंपाची हवा पुरते.