कोल्हापूरच्या शाहूपुरीतली जुनी इमारत, रस्ता 12 मीटर होणार: जागेचा मोबदला रोख घ्यावा की टीडीआर (विकता येणारा बांधकाम हक्क)?

गल्लीकर
शाहूपुरीच्या आतल्या गल्लीत 500 चौ. मी. जागा आहे, दर्शनी बाजू 15 मीटर. रस्ता प्रत्यक्षात 8.4 मीटर, विकास आराखड्यात 12. खाली तीन भाडेकरूंची दुकानं, वर राहती घरं. पाडून नवीन बांधायचं तर रुंदीकरणातल्या पट्टीचं काय करावं? आणि रस्ता रुंद झाल्यावर दुकानांचा धंदा खरंच वाढतो का?

नकाशाबहाद्दर
आधी नगररचना विभागाकडून भाग नकाशा आणि झोन दाखला काढा. जागा दाटवस्तीत (आराखड्यातला जुना, गर्दीचा भाग) पडते की बाहेर, यावर पुढचा सगळा हिशेब फिरतो.

12 मीटरसाठी दोन्ही बाजूंनी 1.8 मीटर जाणार. म्हणजे तुमची 27 चौ. मी. जागा. तिच्या बदल्यात टीडीआर दाटवस्तीबाहेर दुप्पट, 54 चौ. मी.; दाटवस्तीत तिप्पट, 81. रोखीत 2013 च्या भूसंपादन कायद्याने शहरात बाजारभाव अधिक तेवढीच दिलासा रक्कम. पण पट्टी एवढीशी असताना रोखीच्या मागे लागू नका, कारण खरा पैसा एफएसआयच्या (जागेच्या किती पट बांधता येतं, त्याच्या) तक्त्यात आहे.

राज्याच्या एकात्मिक बांधकाम नियमावलीत, दाटवस्तीबाहेर, 9 मीटरच्या आत रस्ता असेल तर एफएसआय फक्त 1.10, म्हणजे तुम्हाला 550 चौ. मी. बांधकाम. 12 मीटरवर एकूण 2.25: मूळ 1.10, प्रीमियम (शुल्क भरून मिळणारा) 0.50, टीडीआर 0.65. ढोबळ 1125 चौ. मी. त्यातला टीडीआर 325. घरचा 54 वजा केला की 271 बाजारातून घ्यायचा. जिने-बाल्कन्यांचा अॅन्सिलरी (पूरक) एफएसआय यावर वेगळा, राहण्याला 60 टक्के, व्यापारी वापराला 80.

टीडीआर घेताना एक फसगत होते. प्रमाणपत्रावरचं क्षेत्र जसंच्या तसं वापरता येत नाही. जिथून निघाला तिथला सरकारी रेडी रेकनर दर भागिले तुमच्या जागेचा दर, त्याने गुणायचं. उपनगरातला 100 चौ. मी. टीडीआर शाहूपुरीत 50 सुद्धा भरत नाही, दर निम्म्याहून कमी असेल तर. स्वस्त मिळाला म्हणून उड्या मारू नका.

पाणीपातळी
भावा, वरचा हिशेब बरोबर, पण जागा व्हीनस कॉर्नरच्या अंगाला असेल तर आधी पूररेषा बघ. 2019 आणि 2021 ला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांवर गेलं होतं (धोका पातळी 43). नदी लांब वाटते, पण जयंती नाल्यातून पाणी मागे फुगतं.

निळ्या (25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) आणि लाल (100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) रेषेच्या मधे बांधकाम लाल रेषेच्या 0.45 मीटर वर घ्यावं लागतं. समज लाल रेषा रस्त्यापासून 2 मीटर उंच. जोतं 2.45 मीटरवर गेलं. व्हीलचेअरचा रॅम्प 1:12 ने 29.4 मीटर लागतो, आणि दर्शनी बाजू आहे 15! दोन वळणं घेतली तरी समोरची जागा त्यातच संपते. म्हणून अशा ठिकाणी खाली फक्त पार्किंग ठेवतात आणि दुकानं वर चढवतात. वरच्या दुकानाला रस्त्यालगतचं भाडं येत नाही. ही घट हिशेबात न धरता बिल्डरशी टक्केवारी ठरवली की मग भांडण. मीटर पॅनेल आणि जनरेटरही वरच घे. ते खालीच ठेवायची चूक अजून लोक करतात.

दस्तऐवज
भाडेकरूंशी लेखी करार झाल्याशिवाय पाडकामाला हात लावू नका. किती क्षेत्र, कुठल्या मजल्यावर, तोपर्यंतचं भाडं कोण देणार, सगळं नोंदवा. पाणीपातळी म्हणतात तशी दुकानं वर गेली तर पहिला विरोध तिथूनच येईल. मिळकत पत्रिकेवर मयतांची नावं असतील तर वारस नोंद आधी करा. नावं स्वच्छ नसतील तर विकास हक्क प्रमाणपत्र (टीडीआरचं) अडकतं. मोजणी नगर भूमापनकडून घ्या, खाजगी टेपवर 8.4 मोजून चालत नाही.

नकाशाबहाद्दर
धंद्याचं राहिलं. रेल्वे 1891 ला आली, शाहूपुरी पेठ 1895 ला वसली. बाजार वाहतुकीमागे येतो हे इथंच दिसतं. पण 8.4 मीटरच्या रस्त्यावर दोन्ही कडेला गाड्या लागल्या (अडीच-अडीच मीटर) की उरतात 3.4, एकच गाडी. 12 मध्ये 7 उरतात, येणारी-जाणारी दोन्ही. अडचण ही, की जो पाडून बांधतो तोच मागे सरकतो. मधली एक जुनी इमारत पुढे राहिली की रस्ता तिथं 8.4 चाच, आणि तुम्ही सोडलेल्या 1.8 मीटरमध्ये चहाची गाडी उभी राहते. गल्लीतल्या किती इमारती पाडकामाच्या वाटेवर आहेत ते मोजा, मग दुकानाचं भाडं लावा.