बीटाच्या रंगावर जाऊ नका

चार वर्षांची मुलगी रोज पालक-बीट खाते तरी हिमोग्लोबिन वाढत नाही, असं एका पालकांनी विचारलंय. बीटात लोह जेमतेमच, आणि पालकातलं फारसं अंगी लागत नाही.

मूग किंवा मटकी रात्रभर भिजवून मोड आणा, म्हणजे लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं. उसळीत लिंबू ताटात वाढल्यावर पिळा. उकळत्या रश्श्यात पिळलं तर क जीवनसत्त्व बरंच वाया जातं. सोबत पेरूची फोड असली तर उत्तमच. दूध जेवणाला लागून नको, दीड-दोन तासांनी द्या. दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध पोटात जात असेल तर बहुधा तिथेच गोम आहे: दुधात लोह जवळपास नाही आणि भूक मात्र मरते. चहा बंदच.

रक्तासाठी लोहासोबत बी१२ जीवनसत्त्वही लागतं, आणि ते डाळी-भाज्यांत नसतंच. दूध, दही, पनीर यांतून मिळतं. इडलीच्या आंबण्यावर किंवा स्पिरुलिनावर (शेवाळाच्या पुडीवर) भिस्त ठेवू नका. रक्त तपासताना फेरिटिन (यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो) आणि बी१२ दोन्ही बघायला सांगा. लोह कमी असलं की तांबड्या पेशी लहान होतात, बी१२ कमी असलं की मोठ्या; दोन्ही कमी असली तर त्यांचा सरासरी आकार नॉर्मल दिसू शकतो, आणि रिपोर्ट फसवतो. डॉक्टरांनी लोहाचं सिरप दिलं तर ते दुधात कालवून देऊ नका.