ब्रिटनमधील वसंत आणि दोरीवरचे धुणे: या हवेला काही नियम आहे का?

वाळवण | १४ एप्रिल, दुपारी १:४०

नमस्कार. गेल्या सप्टेंबरात आम्ही इंग्लंडच्या ईशान्येकडील न्यूकॅसल येथे राहावयास आलो. हिवाळा जड जाईल असे सर्वांनी बजावले होते, परंतु तो निभावला, कारण अंधार, ओल आणि वारा यांत निदान सातत्य होते. मार्चपासून मात्र माझी पुरती तारांबळ उडाली आहे. आज सकाळी नऊ वाजता इतके लख्ख ऊन पडले होते की मी चादरी, टॉवेल आणि मुलांचे कपडे असे सगळेच धुणे परसातील दोरीवर घातले. साडेदहाला साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या, मऊ गारांचा सडा पडला, अकराला पुन्हा ऊन आले, पाऊण वाजता पावसाची जोरदार सर आली आणि आता हे लिहीत असताना आकाश पुन्हा निळेभोर आहे. एवढ्या वेळात धुणे तीनदा बाहेर आणि दोनदा आत गेले.

श्रावणातील ऊन-पावसाचा खेळ आपल्याला नवा नाही, पण त्यात कोणी स्वेटर घालत आणि काढत नाही. शिवाय एक कोडे मला अजिबात उलगडलेले नाही. गेल्या आठवड्यात एक दिवस तापमान सोळा अंश होते, तरी कपडे संध्याकाळपर्यंत दमटच राहिले. त्यानंतर दोन दिवसांनी तापमान जेमतेम नऊ अंश असताना तेच कपडे दोन तासांत खडखडीत वाळले. शेजारी एक वयस्क आजी राहतात. त्या दाराबाहेर येऊन क्षणभर थांबतात, मग एक तर धुणे घालतात किंवा टोपली घेऊन आत जातात, आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही. मोबाइलवरील अंदाजात मात्र दिवसभर तेच अर्धे ढग, अर्धा सूर्य आणि दोन थेंब दिसतात. या हवेला खरोखरच काही नियम आहे का, की येथील माणसे केवळ सवयीने निभावून नेतात?

---

वातकुक्कुट | १४ एप्रिल, सायंकाळी ७:०५

वाळवण यांस,

नियम आहे, परंतु तो तापमानाच्या आकड्यात शोधू नये, वाऱ्याच्या दिशेत शोधावा. मी गेली एकोणीस वर्षे या देशात आहे आणि सकाळी उठल्यावर तापमान न पाहता समोरच्या चर्चच्या शिखरावरील वातकुक्कुट, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारा धातूचा कोंबडा, पाहतो. माझे टोपणनाव तेथूनच आले आहे.

ब्रिटन हे बेट अशा ठिकाणी वसले आहे की चार प्रकारची हवा त्याच्यावर हक्क सांगत असते. नैऋत्येकडून येणारी हवा अटलांटिकच्या उबदार भागावरून येते आणि भरपूर बाष्प घेऊन येते. वायव्येची हवा ग्रीनलँड व आइसलँडच्या बाजूने येते. ती थंड असते, तिच्यात बाष्प कमी असते आणि ती अतिशय स्वच्छ असते. पूर्वेची हवा युरोप खंडावरून, म्हणजे हिवाळ्यात कडाक्याची थंड आणि उन्हाळ्यात तापलेली अशी येते, तर उत्तरेची थेट आर्क्टिकमधून उतरते. यांपैकी कोणती हवा आज येथे नांदेल हे उंचावरून वाहणाऱ्या जेट स्ट्रीम या वेगवान वायुप्रवाहाच्या वळणांवर ठरते. हिवाळ्यात हा प्रवाह जोरकस असतो आणि पश्चिमेचे वारे एकामागून एक येत राहतात, म्हणून आपल्याला ते सातत्य जाणवले. वसंतात ध्रुव आणि विषुववृत्त यांच्या तापमानातील फरक घटू लागतो, प्रवाह मंदावतो, नागमोडी होतो, आणि उत्तरेच्या व पूर्वेच्या वाऱ्यांना वर्षातील सर्वांत चांगली संधी याच महिन्यांत मिळते. त्यामुळे एकाच आठवड्यात हवेचे तीन मालक बदलू शकतात.

आता आपले कोडे. सोळा अंशांच्या दिवशी बहुधा नैऋत्येची हवा होती. ती उबदार असली तरी बाष्पाने जवळजवळ भरलेली असते आणि कपड्यांतील पाणी घेण्यास तिच्यात जागाच नसते. नऊ अंशांच्या दिवशी वायव्येची हवा असणार. ती मुळात कोरडी, त्यात वारा, त्यात ऊन. कपडे उष्णतेपेक्षा वाऱ्याने आणि कोरडेपणाने वाळतात, हे आपल्याकडील भर पावसाळ्यातील तीस अंशांच्या दिवसांवरूनही लक्षात येईल.

आजच्या गारांचे कारणही त्याच हवेत आहे. एप्रिलच्या मध्याचा सूर्य ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातील सूर्याइतकाच उंच असतो. न्यूकॅसलला दुपारी तो क्षितिजापासून जवळपास पंचेचाळीस अंशांवर येतो. जमीन त्यामुळे चांगली तापते, पण वरची हवा अजून हिवाळीच असते. तापलेल्या जमिनीवरील हवा उसळून वर जाते, ढग उभे वाढतात आणि सर कोसळते. आपला वळवाचा पाऊस याच तत्त्वाने पडतो. हा त्याचा थंड देशातील धाकटा भाऊ समजावा. फरक इतकाच की येथे ढगाचा बराचसा भाग पाणी गोठते त्या उंचीच्या वर, म्हणजे अधिक थंड थरात असल्याने मऊ गारा सहज तयार होतात, आणि सरीबरोबर वरची थंड हवा खाली आपटते, म्हणून काही मिनिटांत तापमान चार-पाच अंशांनी उतरते. वळवाप्रमाणेच या सरी दुपारी माजतात आणि सूर्य कलला की विरतात. आपण दुपारी दीड वाजता हताश होऊन लिहिलेत. सायंकाळी सहानंतर आकाश निवळले असेल, पाहा.

मोबाइलवरील चित्राला मात्र दोष देऊ नये. पावसाची शक्यता चाळीस टक्के याचा अर्थ अशा दहा प्रसंगांपैकी चारांत त्या ठिकाणी, त्या तासाला पाऊस पडेल, एवढाच असतो. दोन-तीन किलोमीटर रुंदीची सर आपल्या परसावरून जाईल की पलीकडच्या गल्लीवरून, हे आदल्या रात्री कोणालाही सांगता येत नाही. अशा दिवशी चित्र न पाहता पावसाचे रडार पाहावे. पुढच्या तासाभरापुरते ते पुष्कळ विश्वासार्ह असते.

---

संशयात्मा | १४ एप्रिल, रात्री ९:३०

वातकुक्कुट यांचे विवेचन पटते, पण शेवटी «नियम आहे» हे जरा धाडसाचे वाटते. २०१८च्या मार्चच्या आरंभी पूर्वेच्या वाऱ्याने देश बर्फाखाली गाडला होता आणि सात आठवड्यांनी, १९ एप्रिल रोजी, लंडनच्या सेंट जेम्सेस पार्कमध्ये २९.१ अंश तापमान नोंदले गेले. २०२१मध्ये ३० मार्चला क्यू गार्डन्स येथे २४.५ अंश झाले आणि त्यानंतरच्या एप्रिलमध्ये गोठलेल्या दंवाच्या रात्रींचा विक्रम झाला. उलट २०२५चा वसंत या देशाच्या नोंदींतील सर्वांत उबदार आणि सर्वांत जास्त उन्हाचा ठरला. हे सगळे एकाच ऋतूचे नाव धारण करतात.

नियम शोधण्याचे प्रयत्न जुने आहेत. अलेक्झांडर बुकन या स्कॉटिश हवामानशास्त्रज्ञाने १८६०च्या दशकात नोंदी तपासून सांगितले होते की ११ ते १४ एप्रिल आणि ९ ते १४ मे या काळात थंडी हमखास परतते. पुढच्या नोंदींनी त्याला साथ दिली नाही. आज १४ एप्रिलला गारा पडल्या म्हणून त्याची आठवण झाली, एवढेच.

---

परसबाग | १५ एप्रिल, सकाळी ८:१५

संशयात्मा, तारखा फसल्या तरी थंडी परतते हे खोटे नव्हे. आम्ही डर्बीशरच्या डोंगराळ भागात राहतो. याच परगण्यात बक्स्टन येथे २ जून १९७५ रोजी बर्फ पडल्यामुळे डर्बीशर आणि लँकेशर यांचा क्रिकेट सामना थांबवावा लागला होता, आणि येथील जुने लोक अजूनही ती गोष्ट काल घडल्यासारखी सांगतात. सरासरी पाहिली तर या देशात डिसेंबरपेक्षा मार्चमध्ये बर्फ पडण्याचे दिवस अधिक असतात. म्हणून नाताळात शुभ्र अंगण न लाभलेल्यांना ते कधी कधी ईस्टरला लाभते.

वाळवण यांचा प्रश्न धुण्याचा आहे, पण बाग असल्यास सावध करते. ज्या दिवशी सरी पडतात, सायंकाळी आकाश निवळते आणि वारा पडतो, त्याच रात्री दंव पडण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. आकाशावर ढगांचे पांघरूण नसल्यामुळे जमिनीची ऊब निसटून जाते. हवेचे तापमान तीन अंश दाखवीत असले तरी गवतावर पांढरा थर दिसू शकतो. पहिल्या वर्षी मी एप्रिलमधील चार उबदार दिवसांना भुलून टोमॅटोची आणि दुधी भोपळ्याची रोपे बाहेर लावली आणि एका रात्रीत ती उकडल्यासारखी काळी पडली. आता मेचा अखेरचा आठवडा उजाडेपर्यंत रोपे दिवसा बाहेर आणि रात्री आत असा क्रम पाळते. म्हणजे आपल्या धुण्यासारखेच.

येथे झुडपांवरूनही काळ ओळखतात. सध्या रस्त्याच्या कडेला पाने येण्याआधीच पांढऱ्या फुलांनी लगडलेली काटेरी झुडपे दिसतात, ती ब्लॅकथॉर्नची. ती फुलत असतानाच्या थंडीला येथे ‘ब्लॅकथॉर्न हिवाळा’ असेच नाव आहे. हॉथॉर्न पाने आल्यानंतर फुलतो आणि त्याच्या फुलांना ‘मे’ म्हणतात. ‘मे बाहेर पडेपर्यंत अंगावरचा कपडा उतरवू नये’ अशा अर्थाची इंग्रजी म्हण आहे. तिच्यातील ‘मे’ म्हणजे महिना की फुले, यावर लोक आजही वाद घालतात. माझ्या मते फुलेच असावीत, कारण शेतकरी दिनदर्शिकेपेक्षा कुंपणाकडे अधिक वेळा पाहतो. पण हा माझा तर्क.

---

वाळवण | २० एप्रिल, दुपारी ३:२०

सर्वांचे आभार. त्या सायंकाळी सहानंतर आकाश खरोखरच निवळले होते. पाच दिवस वाऱ्याची दिशा वहीत टिपली. वायव्येचा वारा असताना दोनही दिवस दुपारी सरी आल्या आणि त्यांच्या मधल्या वेळात कपडे झटकन वाळले. काल मात्र गणित फसले. दिवसभर वारा मंद होता, पावसाची शक्यता शून्य होती आणि शहरात उत्तम ऊन होते, म्हणून मुलांना घेऊन मेट्रोने टाइनमथच्या किनाऱ्यावर गेलो. शेवटची दोन स्थानके उरली असताना खिडकीबाहेर धुके आले. किनाऱ्यावर समुद्र दिसत नव्हता, फक्त ऐकू येत होता, आणि उन्हाळी कपड्यांतील मुले कुडकुडत होती. पंधरा किलोमीटर मागे लोक आइस्क्रीम खात असताना हे कसे होते?

---

वातकुक्कुट | २० एप्रिल, सायंकाळी ६:४०

वारा मंद असला तरी पूर्वेचा होता, हे पैजेवर सांगतो. उत्तर समुद्र एप्रिलमध्ये जेमतेम सात-आठ अंश असतो, कारण समुद्र जमिनीपेक्षा फार सावकाश तापतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याचे तापमान तळ गाठते. वसंताची सगळी मेख येथेच आहे: ऑगस्टचा सूर्य आणि फेब्रुवारीचा समुद्र एकाच वेळी वाट्याला येतात. युरोपवरून आलेली सौम्य, दमट हवा त्या थंड पाण्यावरून सरकताना गारठते आणि तिच्यातील बाष्पाचे धुके होते. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर त्याला ‘हार’ म्हणतात, आपल्या बाजूला ‘फ्रेट’. हा थर सहसा थोडक्या उंचीचा असतो. जमिनीवर आत शिरला की तापलेल्या भूमीमुळे विरतो, पण किनाऱ्यावर समुद्र त्याला सतत नवा पुरवठा करीत राहतो.

तशा दिवशी मुलांना पश्चिम किनाऱ्यावर न्यावे. पश्चिमेच्या वाऱ्यात याच्या नेमके उलट घडते: पाऊस लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर झेलतात आणि आपण पेनाइन डोंगरांच्या आडोशाला कोरडे राहतो. लेक डिस्ट्रिक्टमधील सीथवेट येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, न्यूकॅसलला सातशेहून कमी. आणि सरळ रेषेत अंतर सव्वाशे किलोमीटरसुद्धा नाही.

---

संशयात्मा | २० एप्रिल, रात्री ८:१०

पाच दिवसांच्या नोंदींवरून सिद्धान्त मांडू नये, पण वही चालू ठेवावी. आणखी एक: अंदाजातील तापमान सावलीतील असते. येथील वेधशाळांत तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर ठेवतात. अकरा अंशांतही उन्हात बसलेला माणूस कोट काढतो आणि ढग येताच घालतो, यात त्या आकड्याची काही चूक नाही.

---

वाळवण | २३ एप्रिल, सकाळी ११:०५

आज धीर करून शेजारच्या आजींना विचारलेच की त्या दारात उभ्या राहून नेमके काय पाहतात. मला वाटले होते, ढग किंवा पक्षी असे काही सांगतील. त्या म्हणाल्या की त्या पाहत काहीच नाहीत, गालावर वारा कोणत्या बाजूने लागतो एवढे घेतात. डावीकडून, म्हणजे त्यांच्या घराच्या पश्चिमेकडून, झोंबरा वारा असेल तर धुणे घालायचे, उजवीकडून मंद आणि ओलसर असेल तर नाही.

मी म्हणाले, पण झोंबऱ्या वाऱ्याच्या दिवशी तर सरी येतात, आणि तुमचे धुणे कधी भिजलेले दिसत नाही. त्यावर त्या हसल्या. अशा दिवशी त्या फक्त चादरी घालतात. दोन सरींच्या मध्ये पाऊण तास मिळाला की चादर वाळते. टॉवेल आणि जीन्स आत, घर तापवणाऱ्या रेडिएटरवर असतात, हे मला बाहेरून कसे दिसणार?